वास न येणारी बाथरूम

नाकमुरडे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. डेअरीतल्या लोकांनी ते त्यांना बहाल केलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की कॅशियरसुद्धा खिडकीतून "नाकमुरडे!" अशीच हाक मारायचा आणि हे निमूटपणे पुढे जायचे. खरं आडनाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. राहण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

त्यांचं काम वास घेण्याचं. पहाटेपासून डेअरीच्या धक्क्यावर गावोगावच्या दुधाचे कॅन येऊन लागत. हमाल झाकण उचलायचा, नाकमुरडे वाकायचे, एक श्वास आत ओढायचे आणि सरळ होऊन म्हणायचे, "पास." नाहीतर, "परत." परत म्हटलेला कॅन आला तसा गाडीत चढायचा. दूध नासायच्या नुसत्या विचारात असलं तरी यांना कळायचं. कॅन कुणी नुसत्या पाण्याने विसळलाय, कुणाच्या गोठ्यात जनावर आजारी आहे, हे ते न विचारता सांगत. प्रयोगशाळेतली मंडळी काचेच्या नळ्या हलवून तेच सांगायला अर्धा तास घेत, म्हणून ती मंडळी यांच्यावर जरा जळूनच असत.

असलं नाक पोटाला घालतं हे खरं, पण ते कामावर खुंटीला टांगून घरी येता येत नाही. नाकमुरड्यांना बसच्या दांड्याची किळस यायची, दुसऱ्याने हाताळलेल्या पेनाची यायची, ओल्या पायपुसण्याची यायची, मचमच आवाज करत जेवणाऱ्या माणसाची तर इतकी यायची की ते स्वतःच ताटावरून उठायचे. नळ ते कोपराने बंद करत. शेजाऱ्याशी हात मिळवला की दुसरा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे जायचा, आणि शेजाऱ्याला ते दिसायचंही. बायकोने बाजारातून पिशवी आणली की ती उघडायच्या आधी यांचं "शी!" तयार. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसांचं एक असतं: कांदे ते सोलतात, साली दुसऱ्याने उचलायच्या. या घरात त्या बायको उचलायची.

आणि गंमत अशी की या माणसाला जन्म दिला होता एका आयाबाईने. आई हॉस्पिटलमध्ये कामाला होती, पुरुषांच्या वॉर्डात. बेडपॅन उचलणं, ओकाऱ्या पुसणं, पू भरलेल्या पट्ट्या बादलीत गोळा करणं, मेलेल्या माणसाला शेवटचं धुऊन काढणं, हे तिचं काम. त्यात तिची सगळी उमेदीची वर्षं गेली. नाकमुरडे तेव्हा लहान होते. आई कामावरून आली की हे पोर दारात आडवं उभं राहायचं आणि हुकूम सोडायचं, "हात दाखव." आई दोन्ही हात पुढे करायची. पोरगं एकेक हात नाकाशी धरून हुंगायचं. नुसता फिनेलचा वास आला तर "पास." त्यामागून दुसरा कसला आला तर "नापास," आणि दिवसभर पायांवर उभी असलेली ती बाई दारातूनच वळायची, मागच्या मोरीवर जाऊन पुन्हा कोपरापर्यंत हात घासायची, मग येऊन जेवायला वाढायची. तिला याचं कौतुक होतं. "आमच्या पोराचं नाक म्हणजे नाक आहे," असं ती शेजारणींना सांगायची. एक कानफटात ठेवून दिली असती तर पुढचं बरंच टळलं असतं, पण ते तिच्या स्वभावात नव्हतं. नाकमुरड्यांची नोकरी खरी सुरू झाली ती डेअरीत नव्हे, आईच्या हातांवर.

आता आई म्हातारी झाली होती आणि तिचे दोन्ही गुडघे गेले होते. घर दोन मजली, संडास-बाथरूम एकच आणि ती वर. जिन्याच्या मधल्या वळणावर आई एकदा जी बसली, ती दोघांनी उचलूनच खाली आणावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे एक पायरीसुद्धा नाही. मग पुढच्या खोलीत तिची खाट आली, खाटेशेजारी पडदा आला, आणि पडद्याआड ती खुर्ची आली, जिच्या बैठकीला भोक असतं आणि खाली भांडं.

त्या भांड्याने नाकमुरड्यांचं घर त्यांच्या हातातून गेलं. भांडं बायको उचलायची, झाकण लावून जिना चढायची, वर रिकामं करून धुऊन पुन्हा खाली आणायची. हे तेवढा वेळ मागच्या आवारात भिंतीकडे तोंड करून उभे. झाकण कितीही घट्ट असो, यांना वास यायचा. भांडं धुऊन उन्हात ठेवलं तरी यायचा. जेवणाचं ताट ते मागच्या पायरीवर घेऊन बसायला लागले. आईची चौकशीसुद्धा दारातून, नाकाला रुमाल लावून: "बरं आहे ना?" आतून उत्तर यायचं, "बरं आहे." रुमालातून आलेल्या प्रश्नाला दुसरं काय उत्तर देणार? महिनोन्महिने हा माणूस आईच्या खाटेवर टेकला नाही. मला विचाराल तर त्या घरातली सगळ्यात ओंगळ वस्तू भांडं नव्हती, तो रुमाल होता.

शेवटी बायकोने तोंड उघडलं. "अहो, माझी कंबर गेली. एकतर खाली बाथरूम बांधा, नाहीतर आईंची दुसरी सोय बघा."

दुसरी सोय म्हणजे गावाबाहेरचा वृद्धाश्रम. जागा स्वच्छ होती, सगळं एका पातळीवर होतं, आणि एक खोली महिनाअखेरपर्यंत यांच्यासाठी राखून ठेवायला ते लोक तयार होते. नाकमुरडे जाऊन हुंगून आले होते, वास येत नव्हता. आईने मुलाला काही म्हटलं नाही. सुनेला मात्र भांड्यावरून उठताना तिचा हात घट्ट धरून म्हणाली, "तिकडे सगळ्या आपापल्या नंबराची वाट बघत बसलेल्या असतात गं. मी अख्खा जन्म तेच बघत आले. मला इथेच राहू दे. तेवढं त्याच्या कानावर घाल." सुनेने घातलं. नाकमुरडे त्या दिवशी जेवले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो, हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बांधू. मागच्या आवारात आईला खोली काढू आणि तिथेच बाथरूम. पण बाथरूम मी म्हणेन तशी. घरात वास येता कामा नये."

खोलीला गवंडी होता, पण मुख्य काम प्लंबरचं. तो आला तेव्हा नाकमुरड्यांनी त्याला पुढच्या दारातून आत घेतलंच नाही. बाजूच्या बोळातून मागच्या आवारात नेलं आणि सांगून ठेवलं, यायचं-जायचं इकडूनच. त्याच्या बुटांकडे बघूनच त्यांना मळमळलं होतं.

प्लंबर जाडजूड, बडबड्या, स्वतःवर बेहद्द खूश. त्याने आल्या आल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या चेंबरचं झाकण पहारीने उचकटलं. झुरळं चारी बाजूंना पळाली. आत करडं पाणी हळूहळू गिरक्या घेत होतं, आणि त्यावर जे तरंगत होतं त्याचं वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. प्लंबर काठावर उकिडवा बसला आणि आत असा बघू लागला जसा कुणी सकाळचा पेपर वाचतो.

"तेल फार खाता हो तुम्ही," तो म्हणाला. "बघा, कडेला कसा थर धरलाय. या, या, बघा तरी."

नाकमुरडे दहा पावलं मागे होते. "मी इथून ऐकतोय."

प्लंबरने बाही वर करून हात कोपरापर्यंत आत घातला, पाईपचं तोंड चाचपलं, किती खोल आहे त्याचा अंदाज घेतला, हात बाहेर काढला आणि पँटला पुसला. मग पिशवीतून भाकरी काढली, तिथेच बसून त्याच हाताने तिचा तुकडा मोडला आणि पुढे केला. "घ्या साहेब."

नाकमुरड्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सकाळचा चहा घशाशी येऊन परत गेला.

"काम सरळ आहे," प्लंबर चावता चावता म्हणाला. "तुमच्या वरच्या बाथरूमचा पाईप या भिंतीवरून उतरतोच आहे. नवी खोली इथे येणार, तर बाथरूम या भिंतीला चिकटून घ्या. पाच फुटांचा पाईप, फरशी घराच्या पातळीला. संपलं."

"ही स्वयंपाकघराची भिंत आहे."

"असू दे की. भिंतीला काय कळतंय?"

"मला कळतं," नाकमुरडे म्हणाले. "अन्न शिजतं त्याच्या मागे संडास? शी! बाथरूम तिकडे, त्या टोकाला." त्यांनी आवाराच्या पार पलीकडचा कोपरा दाखवला.

प्लंबरने मान तिरकी करून अंतर पाहिलं. तो काही संत नव्हता. लांब पाईप म्हणजे मोठं काम, आणि मोठं काम त्याला आवडायचं. तरी त्याने एकदा समजावून सांगितलं. "खोलीला वळसा घालून तीस फूट भरेल. पाईपला उतार लागतो साहेब. उतार कमी दिला तर सगळं जागच्या जागी बसतं. जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि गू मागे राहतो. दोघांनी बरोबरीने चाललं पाहिजे, नवरा-बायकोसारखं."

"मग द्या बरोबर."

"देतो. पण तुमचा चेंबर उथळ. तिथून मागे मागे चढत गेलो की त्या कोपऱ्यापर्यंत पाईप वर येतो. फरशी दीड फूट उचलावी लागेल."

"उचला," नाकमुरडे म्हणाले.

"बाथरूम कुणासाठी आहे?" प्लंबरने विचारलं.

आता इथे एक शब्द बोलायचा होता. आईसाठी. पण आई म्हटलं की गुडघे आले, गुडघे म्हटले की खुर्ची आली, खुर्ची म्हटली की भांडं, आणि या माणसासमोर भांड्याचा विषय निघाला तर तो त्यावरही काहीतरी विनोद करणार. नाकमुरड्यांना ते कल्पनेनेच सहन होईना. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

"घरासाठी," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस नाकमुरड्यांनी जे नियोजन केलं ते पाहण्यासारखं होतं. जन्मभर ज्या गोष्टीचं नाव काढलं तर त्यांना उलटी यायची, तिचे ते आता जाणकार झाले. सगळ्यात जास्त त्यांना आवडला तो ट्रॅप. पाईपच्या वाकात नेहमी थोडं पाणी थांबून राहतं आणि पलीकडची हवा अलीकडे येऊ देत नाही, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मग दोन लावा, एकामागे एक."

"दोन लावले की मधे हवा कोंडते, पाणी पुढे जात नाही. एकच."

"बरं, एक. पण हवेचा पाईप छपराच्या वर नेऊन सोडा. आणि खिडकीच्या बाजूला नको."

डेअरीत ते जुन्या तक्त्यांच्या पाठीवर पाईप काढत बसायचे. वळण कुठे, झाकण कुठे, न्हाणीचं पाणी कुठे येऊन मिळणार. लोक म्हणत, "काय नाकमुरडे, संडासात पदवी घेताय?" घरी आले की चुन्याने आवारात रेघा मारायच्या. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघायची, म्हणजे एक टोक प्लंबरच्या हातात आणि दुसरं यांच्या, आणि यांच्या मोकळ्या हातात रुमाल. खंदक खणला, पाईप बसले, यांनी दूर उभं राहून एकेक सांधा नजरेने तपासला. उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं नसतं. बायकोने एकदा विचारलंही, "ती बाथरूमची जमीन एवढी वर का आणली?"

"पाईपसाठी."

"मग आई कशा..."

"अगं, तू मधे बोलू नकोस. एक इंच इकडचा तिकडे झाला तर सगळं तुंबेल."

पुढे काहीतरी करणार असतील, असं समजून ती गप्प बसली. तिला भांडं उचलायचं होतं. आईला तर पुढच्या खोलीतून काहीच दिसत नव्हतं, नुसते आवाज ऐकू येत. फरशी कापायच्या यंत्राचा आवाज आला की ती सुनेला विचारायची, "माझ्या बाथरूमची ना गं?" आणि भिंतीकडे बघून हसायची.

शनिवारी काम पुरं झालं. चौघांनी बघावी अशी बाथरूम. पांढरीशुभ्र फरशी, पांढरंशुभ्र कमोड, धरायला चकचकीत दांडा. नाकमुरड्यांनी कागदाचा बोळा टाकून पाणी सोडलं आणि धावत चेंबरपाशी गेले. रुमाल धरून वाकले. बोळा आला, पाण्याच्या बरोबर आला, ना पुढे ना मागे. मग ते परत आले, कमोडवर वाकले आणि एक श्वास आत ओढला. वास नाही. कसलाही नाही.

"पास," ते म्हणाले. गेल्या कित्येक महिन्यांत ते इतके खूश झाले नव्हते.

रविवारी सकाळी आईला नवीन खोलीत आणलं. ती चार पायांचा वॉकर पुढे सरकवत, थांबत थांबत आली, सून मागे हात पसरून. घरातून खोलीत येताना उंबरासुद्धा नव्हता. आईने नव्या भिंतीवर हात फिरवला, खिडकीतून बाहेर पाहिलं, खाटेची गादी दाबून बघितली. "उजेड किती आहे रे," ती म्हणाली. नाकमुरडे पुढे पुढे चालत होते, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात रुमाल नव्हता. प्लंबरही राहिलेली हत्यारं न्यायला बोळातून येऊन मागच्या दारात उभा होता.

"ही बघ तुझी बाथरूम," नाकमुरड्यांनी दार उघडलं.

आईचा वॉकर पुढे आला आणि टक् करून थांबला.

तीन पायऱ्या होत्या. छान बांधलेल्या, कडा गोल केलेल्या, त्याच पांढऱ्या फरशीच्या. त्यांच्यावर दार, आणि दारातून ते पांढरं कमोड सिंहासनासारखं दिसत होतं. आईने वॉकर थोडा मागे घेतला आणि पुन्हा पुढे सरकवला, जणू आपलंच काही चुकलं असावं. पुन्हा टक्.

नाकमुरडे पायऱ्यांकडे बघत होते. गेले कित्येक दिवस ते रोज त्या पायऱ्या चढले होते आणि त्यांना त्या दिसल्या नव्हत्या.

"हे आजींसाठी होतं?" प्लंबर दारातून म्हणाला. "अहो साहेब, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नाही."

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, घरासाठी. आणि मला घरात कोण आहे ते काय ठाऊक? तुम्ही मला आत पाऊल टाकू दिलंत का?" तो आत आला, पायऱ्यांपाशी उभा राहून त्याने डोकं खाजवलं. "पायऱ्या काढून रॅम्प केला तरी दीड फुटाला अठरा फूट लांब करावा लागेल, त्याहून उभा केला तर आजी मागे पडतील. खोलीच तेवढी नाही. रॅम्प दारातून बाहेर जाईल."

तेव्हा बायको बोलली. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "घाणीला जायला उतार काढलात हो, इंच इंच मोजून. त्यांना जायला नाही काढलात."

नाकमुरड्यांना सगळ्यात आधी प्लंबरचा राग आला, मग बायकोचा, मग गुडघ्यांचा. आणि या सगळ्यांच्या मागून, दुधातल्या पहिल्या आंबूस वासासारखी, स्वतःची किळस आली.

"छान झाली आहे बाथरूम," आई म्हणाली. "पांढरीशुभ्र. तू बांधलीस, मला पोचलं. उद्या मला तिकडे सोड. तिथे पायऱ्या नाहीत म्हणतात." एवढं बोलली आणि तिचा चेहरा एकदम कसनुसा झाला. वॉकरवरची बोटं आवळली गेली. "सूनबाई, खुर्ची. लवकर."

सून धावली. पुढच्या खोलीतून खुर्ची ओढत आणली, आईला त्या पायऱ्यांसमोरच बसवलं आणि अंगावर चादर टाकली. प्लंबर न सांगता बाहेर गेला, एवढी समज त्या बडबड्याला होती. नाकमुरडेही आवाराकडे निघाले, पायांना सवयच ती. पण बायको दारात उभी राहिली होती, हाताची घडी घालून.

"भांडं आज तुम्ही न्यायचं," ती म्हणाली.

"मी?"

"तुमची आई आहे. मी आज हलणार नाही."

तिने खरंच हालचाल केली नाही. नाकमुरड्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. आई चादरीची कड दुमडत होती आणि मुलाकडे बघत नव्हती. तिला लाज वाटत होती. ज्या बाईने परक्यांची घाण उचलताना कधी मान खाली घातली नाही, तिला स्वतःच्या पोरासमोर लाज वाटत होती, आणि ती लाज वर्षानुवर्षं कुणी वाढवली हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

त्यांनी भांडं काढलं. झाकण लावताना भांडं कललं आणि थोडंसं बोटांना लागलं. मग ते त्या तीन पायऱ्या चढले. झाकण उघडलं, आणि त्यांच्या पोटातलं सगळं वर आलं. भांड्यातलं आणि पोटातलं एकदमच त्या पांढऱ्या कमोडमध्ये गेलं, काही फरशीवर पडलं, काही शर्टावर. त्या बाथरूमचं उद्घाटन हे असं झालं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि ओकारी थांबेना.

बाहेरून आईची हाक आली. "नाक धर! तोंडाने श्वास घे. भांड्यात बघू नकोस, समोर बघ. मी तसंच करायचे."

नाकमुरड्यांनी नाक धरलं. तोंडाने श्वास घेतला, समोरच्या फरशीकडे बघितलं. पाणी सोडलं. सगळं गेलं, पाण्याच्या बरोबर गेलं, उतार अचूक होता. मग त्यांनी भांडं धुतलं, फरशी धुतली, फिनेल ओतून पुन्हा धुतलं आणि हात कोपरापर्यंत घासले. दारात येऊन पायरीवर बसले.

"तुला किळस यायची?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय? रोज यायची. पहिल्या दिवशी तर जिन्याखाली जाऊन ओकले आणि रडले. पुढेही कितीदा जेवण जायचं नाही."

"मला वाटायचं, तुला काही वाटत नाही."

"दगड आहे का मी?"

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"कुणाला बोलू?" आई म्हणाली. "तू दारात उभा असायचास, हात हुंगायला."

आईच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"किळस येते तशी जाते रे," मग तीच म्हणाली. "माणूस मात्र तिथेच पडलेलं असतं, आपली वाट बघत. मग करायचंच. त्यात काय मोठं?"

नाकमुरडे उठले, मागच्या दाराशी गेले आणि प्लंबरला म्हणाले, "आत या. बूट राहू द्या, या." स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीपाशी नेऊन त्यांनी हाताने कोपरा दाखवला. "या कोपऱ्यात आडोसा घाला. कमोड इथे, फरशी घराच्या पातळीला. एक इंचही वर नको. उद्यापासून सुरू करा."

"मी तर पहिल्याच दिवशी..."

"माहीत आहे. गप्प बसा आणि मापं घ्या."

"आणि ती पायऱ्यांवरची?"

"ती मी वापरेन."

बायको अजून हाताची घडी घालूनच उभी होती. "हे होईपर्यंत भांडं कोण उचलणार?"

नाकमुरड्यांचं नाक मुरडलं गेलं. ते त्यांच्या हातात नव्हतं, जन्माचं वळण ते. "शी," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी."

"आणि आई?"

"आई कुठे जात नाही. वृद्धाश्रमाला कळवून टाक."

आई ऐकत होती. तिने वॉकर बाजूला सारला आणि हात पुढे केला. "इकडे ये. हात दाखव."

नाकमुरडे पन्नाशी उलटलेले गृहस्थ, शर्टावर ओकारीचा डाग, डोळे लाल. ते आईसमोर जाऊन वाकले आणि दोन्ही हात पुढे केले. आईने एक हात नाकाशी धरून हुंगला. मग दुसरा हुंगला, बोटांच्या मधेसुद्धा. प्लंबर माप घ्यायचं थांबला.

"नापास," आई म्हणाली. "जा, पुन्हा धुऊन ये. मग माझ्याजवळ बसून जेव."

नाकमुरडे पुन्हा हात धुवायला गेले.